म्हातारीची पावलं

"चपलांना काय पाय फुटले?" धाकटी म्हणाली. चपलांचं कपाट तिने दारासमोर उपडं केलं होतं आणि आता ती सासूबाईंच्या पलंगाखाली झाडूचा दांडा फिरवत होती.

"मला काय विचारतेस? मी काय चपलांची राखणदार आहे?" थोरलीने ओट्याकडे तोंड ठेवूनच उत्तर दिलं.

"शेवटच्या तुम्हीच नेल्या होत्या ना, वहिनी."

"नेल्या आणि आणल्या. पुढचं मला माहीत नाही."

ज्यांच्या चपला हरवल्या होत्या त्या सासूबाई धाकटीच्या रबरी सपाता घालून खुर्चीत बसल्या होत्या. चप्पल माझी आणि भांडण तुमचं, त्या म्हणाल्या. निदान मला नीट ऐकू येईल असं तरी भांडा. शिवाय हे रबर चावतं, हेही त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं.

चपला साध्याच होत्या. जाड चामड्याच्या, डाव्या पायाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. सासूबाई मागे एकदा जिन्यावरून पडल्या तेव्हापासून डावा पाय जपून टाकायच्या. अशा चपलांसाठी सुट्टीच्या सकाळी घर डोक्यावर घ्यावं असं बाहेरच्याला वाटलं नसतं. पण या घरातल्या दोन्ही जावा एकाच ठिकाणी कामाला होत्या, आणि ते ठिकाण व्हिडिओ गेम बनवायचं होतं.

गेम धाकटीचा होता. एक म्हातारी आपलं घर विसरते आणि गल्लीगल्लीतून ते शोधत फिरते, एवढाच. तिला नकाशा नाही, हत्यार नाही. डोळ्यांनी तिला सगळी दारं सारखीच दिसतात. जमीन ओळखीची वाटली की तिच्या पावलांचा आवाज बदलतो, आणि खेळणाऱ्याने तो ऐकून घर शोधायचं. हा गेम जी कंपनी बाजारात आणणार होती तिची माणसं दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती, आणि म्हातारीच्या पावलांचा अजून पत्ता नव्हता. आवाजाचं काम थोरलीकडे होतं, आणि पावलं याच चपलांनी करायची होती. "जमत नाहीये, अजून करते," असं ती कित्येक दिवस सांगत होती.

चपला कुठे आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्टुडिओतल्या तिच्या कपाटात, वाळूच्या आणि खडीच्या ट्रेंमागे, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून तिने त्या स्वतःच्या हाताने ठेवल्या होत्या.

थोरलीला कानांचं वेड लहानपणापासूनचं. माहेरचं घर सुताराच्या कारखान्याला लागून होतं, आणि रंधा कुठल्या लाकडावर चाललाय हे ती भिंतीपलीकडून सांगायची. लग्नानंतर ती रेडिओवरच्या नाटकांसाठी आवाज तयार करायला लागली. मक्याच्या पिठाची पिशवी दाबली की बर्फातून माणूस चालतो, मुळा मोडला की हाड मोडतं, ही विद्या तिने तिथे कमावली. नाटकं बंद पडली तेव्हा एका फरशीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत हा स्टुडिओ नुकता सुरू झाला होता, आणि तिथे पहिल्या गेमचा प्रत्येक आवाज तिने एकटीने केला. घरची ट्रंक तुरुंगाचं दार झाली. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यातली डबी पिस्तुलाचा घोडा झाली. आमच्या घरी चोर आला तर रिकाम्या हाताने जाईल, तो म्हणायचा, हिने आधीच सगळं नेलंय.

धाकटी घरात आली तेव्हा वहीवर काहीबाही लिहीत बसायची. थोरलीनेच मालकाकडे शब्द टाकला, की माझ्या जावेचं डोकं चालतं, एकदा बघा. कुठल्याही प्रश्नाला मालक "लवकरच" एवढंच म्हणायचा, म्हणून स्टुडिओत त्याचं नावच लवकरच पडलं होतं. गेम कधी येणार, लवकरच. नवे पंखे कधी, लवकरच. धाकटीला मात्र त्याने लगेच घेतलं, आणि ती अशी वर गेली, की थोरलीला मान वर करून बघावं लागलं.

स्टुडिओच्या मधोमध एक काचेची खोली होती. कोणता गेम ठेवायचा, कोणता बुडवायचा, कोणाची माणसं काढून कोणाला द्यायची, हे सगळं तिथे ठरायचं. आवाजवाल्यांना तिथे कोणी बोलवत नसे. गेम पुरा होत आला की उरल्यासुरल्या वेळात आवाज भरायचा, अशीच रीत होती. थोरली आपल्या जागेवरून बघत राही. धाकटी हात हलवून काही सांगायची, लवकरच मान डोलवायचा, सगळे हसायचे. काच जाड होती. कानांवर जगलेल्या बाईला नुसती हलणारी तोंडं दिसायची.

तेही तिने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच होतं.

एकदा दुपारी दोघी मटार सोलत होत्या. सासूबाई आतल्या खोलीत फेऱ्या मारत होत्या. थोरली सहज बोलून गेली, की माणूस सगळं विसरेल, पण पाऊल आपलं घर विसरत नाही. आई आता मोरीपाशी पोचल्या, बघ, फरशी बदलली. धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. थोड्याच दिवसांत तिने काचेच्या खोलीत म्हातारीचा गेम मांडला. पुढे गेमविषयी लिहिणाऱ्या एका नियतकालिकात तिची मुलाखत आली. फोटोत ती सासूबाईंच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, आणि खाली छापलं होतं, की या चपलांच्या आवाजातून मला गेम सुचला. थोरलीने मुलाखत वरून खाली वाचली, मग खालून वर. सासूबाई होत्या, चपला होत्या, जिनासुद्धा होता. ती कुठेच नव्हती.

गेमच्या धंद्यात इंटरनेटवर एक चावडी असते. कोणता स्टुडिओ बुडतोय, कोण कोणाचा पाय ओढतोय, कोणाला राजीनामा द्यायला लावला, हे तिथे खोट्या नावांनी लिहितात. आपण ती वाचतो असं स्टुडिओत कोणी कबूल करत नाही, आणि सकाळी चहाच्या यंत्रापाशी सगळे तेच बोलतात. मुलाखत वाचली त्या दुपारी थोरलीने आवाजाच्या खोलीचं जाड दार लावलं, 'जुनं दार' असं नाव घेतलं आणि लिहिलं, की म्हातारीचा गेम बंद होणार, मालकाचं आणि लिहिणाऱ्या बाईचं पटत नाही, आणि काम इतकं कच्चं आहे की म्हातारीच्या पावलांना वजनच नाही. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, कारण तिनेच ते वजन टॉवेलात बांधून ठेवलं होतं.

खाजेवर नख लागावं तसं तिला आधी बरं वाटलं. पण बातमी तिच्या हातात राहिली नाही. गेमवर बडबडीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी ती उचलली. एकाने धाकटी नोकरी सोडून गेल्याचं सांगितलं, दुसऱ्याने स्टुडिओच विकून टाकला. शेवटी कंपनीचा निरोप आला: आम्ही स्वतः येऊन बघतो, ऐकतो ते खरं असेल तर आम्ही यातून बाहेर पडू.

स्टुडिओने गुन्हेगार ठरवून टाकला. तिथे युद्धाचा एक गेम चालला होता, आणि त्याच्या प्रमुखाला सगळे तोफवाला म्हणत. म्हातारी मेली तर तिची माणसं आणि यंत्रं तोफवाल्याला मिळणार, मग दुसरं कोण असणार? जेवायला त्याच्या टेबलावर कोणी बसेना. तो एकटा डबा उघडायचा, एकटा बंद करायचा. थोरलीही लांब बसली. लांब बसणं तिला मुळीच जड गेलं नाही, आणि तेच तिला नंतर खुपत राहिलं.

धाकटी पलंगाखालून निघाली. कोपरापर्यंत धूळ होती. ती म्हणाली, चपला मिळोत न मिळोत, तिने एक गोष्ट ठरवली आहे. उद्या पाहुणे यायच्या आधी ती काचेच्या खोलीत सगळ्यांदेखत तोफवाल्याचं नाव घेणार.

थोरलीचा नवरा वर्तमानपत्रातून वर बघून म्हणाला, पुरावा आहे का? धाकटी म्हणाली, भाऊजी, सूर्याला पुरावा लागतो का?

थोरलीचा भाजी चिरणारा हात थांबला. धाकटीला ठाऊक नव्हतं ते तिला होतं, कारण ती स्टुडिओत जुनी होती. लवकरचला सगळं चालायचं, पण पुराव्याशिवाय कोणी कोणाचं नाव घेतलेलं चालायचं नाही. याआधी एकाने तसं केलं, त्याला त्याच दिवशी खुर्ची रिकामी करावी लागली. तोफवाल्याने तर काहीच केलेलं नव्हतं. उद्या धाकटी तोंडावर पडणार. काचेच्या खोलीतून ती बाहेर येईल ती कायमचीच, आणि म्हातारीही तिच्यामागून जाईल. थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं. बायका आयुष्यभर फुकट गप्प बसतात. एकदा फायद्यासाठी बसलं तर काय बिघडलं, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका सहज आला की ती पुन्हा कांदा चिरायला लागली.

"बघू तरी काय लिहिलंय," नवरा म्हणाला. त्याने धाकटीचा फोन घेतला, चष्मा बदलला आणि रोजचं वर्तमानपत्र आईला वाचून दाखवायचा तसा मोठ्याने वाचायला लागला. गेम बंद होणार. मालकाचं पटत नाही. काम कच्चं आहे. "म्हातारीच्या पावलांना वजनच नाही."

"हे तर आपल्या हिचं बोलणं," सासूबाई थोरलीकडे हात करून हसत म्हणाल्या.

मग त्यांनीच उलगडून सांगितलं. "परवाच नाही का मला म्हणाली, आई, या रबरात तुमच्या पावलांना वजन नाही. तो दूधवाला नवीन जोडे घालून आला तेव्हाही तेच. हिला सगळ्यांच्या पावलांचं वजन लागतं, आम्ही काय भाजी आहोत?"

नळ ठिबकत होता. नवऱ्याने चष्म्याची डबी मिटली, तिचा खटका थोरलीला तुरुंगाच्या दारासारखा मोठा ऐकू आला. धाकटी फोनकडे बघत होती. ती हळू आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलली, की स्टुडिओत कोणी असं म्हणत नाही. चाल तुटते म्हणतात, पाय घसरतात म्हणतात. तोफवाला तर आवाज बंद करूनच गेम बघतो.

मग तिने मान वर केली. "वहिनी?"

थोरलीने सुरी खाली ठेवली. "फोटोत चपला होत्या," ती म्हणाली. "मी नव्हते."

"मी सांगितलं होतं तुमचं नाव. त्यांनी छापलं नाही."

"मग परत सांगायचंस."

धाकटीने खरंच सांगितलं होतं की तिला हे आता सुचलं, हे थोरलीला तिच्या आवाजावरूनही ओळखता आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आपल्या कानांवरचा विश्वास उडाला. सासूबाई एकदा या सुनेकडे, एकदा त्या सुनेकडे बघत राहिल्या. आपण काय बोलून बसलो हे आता त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, चपला नव्या घेऊ. कोणी ऐकलं नाही.

धाकटीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. शब्द टाकणाऱ्या तुम्हीच आणि पाय ओढणाऱ्याही तुम्हीच, ती म्हणाली. मी रोज तुमच्या हातचा डबा घेऊन जात होते. आणि तो माणूस तिकडे एकटा जेवतोय. ती उठली, चपला एकेक करून कपाटात परत रचायला लागली, आणि रचता रचता म्हणाली, "तुमच्यावाचून काही अडत नाही. पावलं करणारे बाहेर पुष्कळ आहेत. सकाळी कोणालातरी बोलावते. चपला कुठल्याही चालतील."

बाकीचं सगळं थोरलीने ऐकून घेतलं होतं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण चपला कुठल्याही चालतील, हे शेवटचं वाक्य वेगळं होतं. तिला स्पष्ट दिसलं, कोणीतरी परका माणूस भलत्याच चपला घालून फरशीवर उभा आहे आणि नाटकातल्या लंगड्यासारखा डावा पाय फरफटवतोय. सासूबाई पाय फरफटवत नाहीत. आधी टाच टेकतात, किंचित थांबतात, मग बाकीचा पाय मागून येतो, जसा काही परवानगी विचारून. मोरीच्या फरशीवर तो थांबा जरा लांबतो. हे त्या माणसाला कोण सांगणार? आणि धाकटी काचेआडून मान डोलवणार, छान आहे म्हणणार, आणि जगभरची माणसं तीच म्हातारीची पावलं म्हणून ऐकणार. धाकटीचा फोटो पुन्हा छापून आला तरी ती सोसेल. हे तिला सोसवणार नव्हतं.

तिने नळाखाली हात धुतले, नळ घट्ट बंद केला आणि पदराला हात पुसले.

"उद्या मी सगळ्यांच्या आधी जाणार आहे," उद्या दूध जास्त घ्या असं सांगावं तशा आवाजात ती सगळ्यांना म्हणाली. "आईंच्या चपला माझ्या कपाटात आहेत. पाहुणे यायच्या आत पावलं तयार होतील. मग मी काचेच्या खोलीत जाऊन सांगणार, की ते मी लिहिलं, तोफवाल्याने नाही. मला ठेवायचं की काढायचं ते त्यांनी ठरवावं. पण म्हातारीची पावलं मीच करणार. दुसऱ्या कोणी करायची नाहीत."