हळदीतला पहिला घोट

माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पोट कापून घेतलं आणि बाटलीला लागली! बोला, खुशाल बोला. पण गावदेवीने माझ्यासाठी काय केलं तेही ऐका.

मी कशेळीची. जेवायला बसले की उठायचं नाव नसे. गुडघे गेले, साखर वाढली, तेव्हा पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. वजन झरझर उतरलं. दोन घासांत पोट भरायचं, पण डोक्यातली भूक कोण कापणार? राग आला, एकटं वाटलं की हात काहीतरी शोधायचे. एका हळदीत सहज घोटभर दारू घेतली आणि ती अशी सरकन चढली की वाटलं, हेच तर हवं होतं! पुढे प्रोटीन पावडर ढवळायच्या बाटलीतून रोज प्यायला लागले. घरातले म्हणायचे, आई किती पथ्य पाळते. शेवटी लेकीने झाकण उघडून वास घेतला आणि सोंग उघडं पडलं. तिने मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आता थेंबही नको. एका घोटाने सगळं परत सुरू होईल." मी देवीच्या पायाशी जाऊन रडले, आणि दात आवळून दारू सोडली.

त्यातच दादूसच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, मुलाचं लग्न निघालं. आमच्या घराण्यात हळदीच्या सकाळी मांडवात कलशापुढे गावदेवीला दारूचा मान ठेवतात आणि त्यातला पहिला घोट नवऱ्या मुलाच्या आत्याने घ्यायचा असतो. नाही म्हटलं तर देवीचा अपमान. मी दादूसला काहीच सांगितलं नव्हतं. नुसता ओठाला लावीन आणि ठेवीन, असा माझा बेत. काय मूर्ख बेत होता!

दादूसने पेला हातात दिला. वास नाकात गेला मात्र, तोंडाला पाणी सुटलं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. लेक कोपऱ्यात पांढरी पडली होती. मला देवीचाच राग आला. आई, सोडव म्हणून तुझ्या पाया पडले आणि आज तूच मला पाजतेस? जा, मी नाही पिणार! पण पेला खाली ठेववतही नव्हता. मग मोठ्याने म्हटलं, "मला हे झेपत नाही आई, तूच घे," आणि सगळा पेला कलशापुढे ओतून टाकला.

"येड लागलं काय गो तुला? देवीचा मान सांडलास!" दादूस ओरडला. बायकांची गाणी थांबली.

आमची नेहमीची धवलारीण, लग्नाचे विधी गाणी म्हणत लावून देणारी बाई, आजारी होती. तिच्या जागी दिघाशीची एक म्हातारी त्याच सकाळी आली होती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिने वर न बघताच, त्याच चालीवर पुढची ओळ उचलली, "आत्यानं दिला गो आईला मान, थेंब न्हाय ठेवला सोतासाठी." मागून बायकांनी तीच ओळ धरली. मांडव पुन्हा गाऊ लागला. दादूसचा आवाज त्यात बुडून गेला.

नंतर मी तिला विचारलं, "मावशी, मला प्यायची नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"काय कलायचा हाय? तू वतलंस, मी गायली," ती म्हणाली आणि हळदीचं ताट उचलून गेली.

मी तशीच दादूससमोर जाऊन उभी राहिले. "मला दारूचं व्यसन आहे. पुन्हा माझ्या हातात पेला देऊ नकोस." तो डोळे पुसत म्हणाला, "आधी का न्हाय सांगितलंस गो बाय?"

याला योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी वाद घालत नाही. शरण जायचं म्हणजे गप्प बसून हात जोडायचे, असं मला वाटायचं. मला ते जमलंच नाही. मी भांडत गेले आणि आईने मला तसंच जवळ घेतलं, हे उपकार मी विसरणार नाही. ती डोक्यातली भूक अजून येते, दुपारी घर रिकामं झालं की हमखास. मग मी स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगते, "आई, आली बघ. माझ्याने होत नाही, तू बघ तिच्याकडे." शेजारणींना ऐकू जातं. जाऊ दे.