बांबूचं दुसरं टोक

सिंगापूरच्या विमानतळावरून नाणी टाकून मी गावी फोन लावला आणि पलीकडून आबा बोलले. तिथंच मला कळायला हवं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. ते फोनवर कधी येत नसत. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. दुकानदारानं हाक मारली की दादा, माझा मोठा भाऊ, हातातलं काम टाकून पळत यायचा. आबांना वाटायचं की एवढ्या लांब आपला आवाज पोचणार नाही, म्हणून ते ओरडायचे आणि दुकानातली माणसं हसायची. मग त्यांनी फोन घेणंच सोडून दिलं होतं.

"दादा कुठंय?" मी विचारलं.

"हाय की. शेतात हाय."

"हळदीचं काय? थांबलात ना?"

"हळद शिजली," आबा म्हणाले. "बराबर झालं समदं. तू ये. सावकाश ये."

ते ओरडत नव्हते. हळू बोलत होते, तरी मला सगळं नीट ऐकू आलं. नाणी संपली आणि फोन बंद पडला.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. माझ्या लहानपणापासून आमच्या शेतात हळद आहे. खणून काढलेली ओली हळद फार दिवस तशी ठेवता येत नाही, ती शिजवावी लागते. शेतातच भट्टी खणायची, वर मोठी लोखंडी कढई ठेवायची, खाली जाळ घालायचा. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यांत हळद भरून ते डबे उकळत्या पाण्यात सोडायचे. काडी टोचून बघायची, ती अलगद आत गेली की डब्याच्या कड्यांतून बांबू घालायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि डबा उचलून बाजूला न्यायचा. खालून उकळतं पिवळं पाणी गळत असतं. दोघांची पावलं एकदम पडावी लागतात. एकाचं पाऊल चुकलं तर डबा हेलकावतो.

एक टोक दादाचं, दुसरं माझं. पुण्याला नोकरी लागल्यावरही मी दरवर्षी भट्टीसाठी आठ दिवस रजा काढून येत असे. दादानं सातवीनंतर शाळा सोडली होती. घरात एकालाच पुढं शिकवणं शक्य होतं आणि त्यानं कुणी न विचारताच दप्तर माझ्याकडे सरकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच्या जिवावर. त्याची परतफेड होत नाही हे मला माहीत होतं. वर्षातून आठ दिवस बांबूचं टोक धरलं की मला जरा बरं वाटायचं, एवढंच.

त्या वर्षी, दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतलीच ही गोष्ट, बायकोच्या आणि माझ्या मनात परदेश बघायचं आलं. आमच्या दोन्ही घरांत पासपोर्ट काढणारे आम्हीच पहिले. सहल नेमकी हळदीच्या दिवसांत ठरली. निघायच्या आदल्या दिवशी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, खणणारी टोळी लागली आहे, चार दिवसांत हळद बाहेर पडेल.

"मग थांबा," मी म्हणालो. "पाल्याखाली झाकून ठेवा. पुढच्या रविवारी मी येतोच. आलो की लगेच भट्टी पेटवू."

"थांबतो की," तो म्हणाला. "तू आल्याबिगर काहून पेटवू?"

मी असं का म्हणालो, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. हळदीची काळजी म्हणून म्हणालो नाही. माझ्याशिवाय भट्टी पेटली, तर पुढच्या वर्षीही पेटेल, आणि मग त्या घरात मी पाहुणा होईन, अशी मला भीती वाटत होती. आणि आमच्या घरात माझा शब्द म्हणजे शिकलेल्या माणसाचा शब्द. तो कुणी मोडत नसे. हळद मला जेवढी कळत होती, त्याच्या दसपट दादाला कळत होती. तरीही.

विमानात बायको म्हणाली, "झाली ना शिजून? मग तोंड का उतरलंय?"

"थांबणार होते."

"ढग आले असतील. नाहीतर तुमच्या आबांनी धीर सोडला असेल."

तिचं बरोबर असू शकत होतं. मी खिडकीतून बघत राहिलो, खाली ढगांशिवाय काही नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत मलमाच्या डब्या होत्या. सिंगापूरला जाणाऱ्या प्रत्येकाला लोक ते डोकेदुखीचं, अंगदुखीचं मलम आणायला सांगायचे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नावं माझ्या यादीत होती. दादानं काहीच मागितलं नव्हतं. त्याच्यासाठी मी एक बॅटरी घेतली होती, रात्री पाणी द्यायला जाताना लागेल अशी, लांबवर उजेड टाकणारी.

मुंबईत उतरल्यावर मोबाइल सुरू झाला. पुन्हा दुकानात फोन लावला. या वेळी माय आली.

"कुठवर आलास, बाळा?"

"मुंबईत. दादाला दे."

"त्यो नांदेडला गेलाय."

"आबा तर म्हणाले शेतात आहे."

"व्हय, शेतातून गेला नांदेडला. काम हाय त्याचं." मग घाईघाईनं, "तुमी जेवले का? सूनबाईला तकलीफ न्हाई ना झाली विमानात? ये बाबा, आधी घरी ये. घरी आल्यावर बोलू."

नांदेडची गाडी संध्याकाळी होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही चार तास बसून होतो. आमच्यासोबतची पुण्याची माणसं विमानतळावरूनच आपापल्या गाड्या करून गेली होती. आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर मी कारंज्यापुढं फोटो काढून घेतला होता. आता तो मी नव्हतोच असं वाटत होतं. दादाचं नांदेडला काय काम असेल? त्याला शहराचा कंटाळा. बियाण्यासाठी जायचं तरी तो आबांना पुढं करायचा. मी एकेक कारण शोधत होतो आणि माझं मलाच ते पटत नव्हतं.

"उद्या सकाळी कळेलच," बायको म्हणाली. तिनंही आता ढगांचं नाव काढलं नाही.

सकाळी नांदेडला उतरलो. ऊन चढत होतं. स्टेशनवरून रिक्षानं बसस्थानकावर गेलो. वाटेत मोठा दवाखाना लागतो. दारात नातेवाइकांची गर्दी होती, डबे घेतलेल्या बायका होत्या, कुंपणावर धोतरं वाळत होती. मी ते सगळं पाहिलं. धोतरं पाहिली, हे मला पक्कं आठवतं. रिक्षा पुढं गेली.

बस डोंगरकड्याला थांबली, तेव्हा माझे बाळापूरच्या शाळेतले सर चढले. रिटायर झाले होते, हातात केळीची फणी होती. मी उठून त्यांना जागा दिली, वाकून नमस्कार केला.

"बस, बस," ते म्हणाले. माझ्याकडे आणि वरच्या मोठ्या बॅगांकडे बघत राहिले. "दवाखान्यातूनच येऊन राहिलास ना? कसा हाय आता भाऊ?"

"कोणत्या दवाखान्यातून, सर?"

सरांचा चेहरा एकदम बदलला. वर्गात चुकून पुढच्या धड्याचं बोलून गेल्यावर ते असेच थांबायचे.

"तुला सांगितलं न्हाई का कोणी?"

"नाही."

त्यांनी फणी मांडीवर ठेवली. "मी सांगायला नको होतं, लेकरा. वाटंवरच्या माणसाला असलं सांगू न्हाई. पाय धुऊन, पाणी पिऊन झालं की सांगायचं असतं."

ही आमच्या भागातली रीतच आहे. प्रवासात असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. तो वाटेत खचेल, एकटा असेल, उलटसुलट काही करून बसेल. त्याला आधी घराच्या चौकटीत येऊ द्यायचं. मी स्वतः ही रीत पाळली आहे. आत्या गेली तेव्हा वहिनीला मीच बाळापूरपासून घरापर्यंत हसत, गप्पा मारत आणलं होतं.

सरांनी मग सांगितलं. शेजारच्या मळ्यातले दोघे भाऊ भट्टीला यायला तयार होते. दोन दिवस त्यांना काम नव्हतं. दादा त्यांना म्हणाला, धाकटा येऊन राहिला, तो आल्यावर लावू. ते दुसरीकडे गेले. मग आभाळ भरून आलं, पाल्याखालची हळद गरम व्हायला लागली. सगळ्या शिवारात ज्याच्या-त्याच्या भट्ट्या पेटलेल्या, माणूस मिळेना. तेव्हा बांबूचं दुसरं टोक आबांनी धरलं.

"म्हाताऱ्याचा गुडघा लचकला," सर म्हणाले. "डबा आडवा झाला. समदं पाणी भावाच्या दोन्ही पायांवर."

"कधी?"

"आज पाचवा दिवस."

पाच दिवस. चौथ्या दिवशी तर मी विमानतळावर आबांना विचारत होतो, थांबलात ना म्हणून.

पुढच्या थांब्यावर मी उतरलो. बायको म्हणाली, "मी येते." मी म्हणालो, "बॅगा घेऊन तू घरी जा. वहिनी एकटी असेल." सर म्हणाले, "मी पोचवतो पोरीला." बस गेली. मलमाची पिशवी मात्र माझ्या खांद्यावरच राहिली होती. ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं उलटं जायला मी एका जीपला हात केला. जीपवाला मागं बघत म्हणाला, "सरका ओ, पावन्याला जागा द्या. लांबून आलेला दिसतोय, बुटावरनं." दोघे-तिघे हसले. मी टपाला धरून उभा राहिलो. गावाहून निघालेला माणूस एकदा मागं वळून बघतो; मला सारखं वाटत होतं की कुठंतरी माझं वळून बघायचं राहून गेलं.

कुंपणावर वाळणारं एक धोतर आबांचंच निघालं. माझा फोन घेऊन ते कालच गावाहून परत आले होते. खाली बसले होते, गुडघ्याला फडकं बांधलेलं. मला बघून उठायला गेले आणि उठता आलं नाही.

"घरी न्हाई गेलास?"

"नाही."

"पानी तरी पिलास का?"

आत खाटेवर दादा मांडीवर उशी घेऊन बसला होता. दोन्ही पाय गुडघ्याच्या खालपासून बांधलेले, पांढऱ्या पट्ट्या कडांना पिवळ्या पडलेल्या. ते औषध होतं की हळद, मी विचारलं नाही. त्याच्या नखांत मात्र हळदच होती. पाच दिवसांत कुणी नखं काढली नव्हती.

"आला का सायेब," तो म्हणाला. "विमानात कान दुखतेत म्हने, खरं हाय का?"

"दुखतात थोडे."

"मग कशाला जातेत लोक?"

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नसावं, पण तो हसला. मी बॅटरी काढून दिली. त्यानं भर दिवसा तिचा उजेड समोरच्या भिंतीवर पाडून बघितला, बटण दोनदा दाबलं, म्हणाला, "लई लांब जातो उजेड." शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "माझ्या तोंडावर नको पाडू, आधीच उजेड पडलाय." तेवढ्यात माय गावाहून डबा घेऊन आली. माझ्या पिशवीतल्या मलमाच्या डब्या तिनं पाहिल्या आणि एक हातात घेऊन थेट नर्सबाईकडे गेली.

"बाई, हे बाहेरदेशाचं हाय. पोराच्या पायाला लावून बघू का?"

नर्सबाई ओरडल्या, "आजी, आग होईल! भाजलेल्यावर असलं लावतात का?"

माय परत आली. डबी तिनं पदरात गुंडाळून ठेवली, फेकली नाही.

संध्याकाळी दोघंच असताना मी दादाला म्हणालो, "मी थांबा म्हणालो नसतो तर..."

"तू थांबा म्हनलास त्याचं मला बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "पुण्यात राहून बी तुला वाटतंय भट्टी आपली हाय. मी समद्यांना सांगत होतो, धाकटा येणार हाय विमानातून, भट्टीला." मग तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "आबाला काही म्हनू नको. त्यो रात्रंदिवस सोताला शिव्या देऊन राहिला."

मी आबांना काही म्हणालो नाही. पण माझ्याबद्दलही कुणी मला कधी काही म्हणालं नाही. गावात दादानं सगळ्यांना सांगितलं होतं की टोळी उशिरा आली म्हणून भट्टी लांबली.

दीड महिन्यानं तो चालायला लागला. डाव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली, ती तशीच राहिली. चप्पल त्याला धड घालता येत नाही, ओल्या वावरात पाय घसरतो. नंतर आमच्याकडे वाफेवर हळद शिजवायचा ड्रम आला. आता बांबू लागत नाही, दोन माणसंही लागत नाहीत.

तरी टोळी लागली की दादाचा फोन येतो. "कवा येतोस?" तो विचारतो.

"तुम्ही लावून टाका," मी लगेच म्हणतो. "माझ्यासाठी थांबू नका."

"आभाळ मोकळं हाय," तो सांगतो. मग "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो.