बिअरची वर्गणी

मी माळकरी माणूस, आणि बिअरच्या मंडळाचा खजिनदार. हसा, हसा. अख्खं हिंगोली हसलं, तुम्हीच कशाला मागं राहता?

आमी सात-आठ जण बिअरच्या जुन्या वस्तू जमवतो. लेबलं, पत्र्याची झाकणं, ग्लास, हॉटेलातले ट्रे. मी एसटीत कंडक्टर होतो. रात्रीच्या गाडीत सीटखाली रिकाम्या बाटल्या सापडायच्या. त्या कोमट पाण्यात भिजवून लेबल सोडवायचं आणि पेपरावर वाळवायचं, हा माझा नाद. पिण्याचं नाव न्हाई. म्हणूनच मंडळाच्या पैशांची पेटी माझ्याकडं आली. बाकीच्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता.

मंडळातला सगळ्यात मोठा संग्रह एका रिटायर फौजीचा. सेनगावकडच्या तांड्यावरचा माणूस. जिथं बदली झाली तिथून काही ना काही आणलेलं, ट्रंकाच्या ट्रंका भरून. यंदा त्याचे पाय गेले आणि पोरानं त्याला पुण्याला न्यायचं ठरवलं. पोरानं मला सरळ सांगितलं, "काका, रविवारी घर खाली करून राहिलो. तुमच्या मंडळानं नेलं तर न्या, न्हाई तर भंगारवाला येणार हाय."

न्यायचं कुठं? माझ्या बायकोनं आधीच ठणकावलं होतं, देवघर असलेल्या घरात दारूचा एक ग्लास यायचा न्हाई. हिंगोलीत एक खोली मिळत होती, पण मालकाला बारा हजार अनामत पाहिजे होती आणि पेटीत होते चार. मग काय, घेतलं पावतीपुस्तक आणि निघालो औंढ्याच्या बाजूला, जिथले लोक मला माझ्या एसटीमुळं ओळखतात.

गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडानं बिअर म्हणायचं, जीभच उचलंना. "बिय... च्या जुन्या संग्रहासाठी वर्गणी," असं पुटपुटायचो. लोक पटापट देत होते. कुणी शंभर, कुणी पाचशे. मी मनात म्हटलं, वा! जग सुधारलं की!

सिद्धेश्वरच्या अलीकडं एका तांड्यावर एका म्हातारीनं दोनशे रुपये दिले आणि घरातून एक गाठोडं आणलं. "ही आमची जुनी ज्वारी हाय, बाबा. असलं बी आता कुठंच मिळत न्हाई. तुमच्या संग्रहात ठेवा."

हे लोक बियांसाठी देत होते! माळकरी माणूस जुनं बी वाचवायला निघालाय, असं समजून देत होते. तिथं तोंड उघडायचं होतं, पण गाठोडं घेऊन मी हिंगोलीच्या जीपमध्ये बसलो.

घरी बसवंना. ओट्यावरून दारात, दारातून ओट्यावर. बायको वैतागली. "काहून येरझाऱ्या घालून राहिले? पाय दुखत न्हाईत का?" पेटीत बारा हजार पुरे झाले होते. रविवार परवावर आला होता. फौजीचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले न्हाईत. काय सांगू त्याला?

सकाळी पहिल्या गाडीनं परत गेलो आणि दारोदार मोठ्यानं ओरडलो, "बिअर! बियाणं न्हाई, बिअर!" एक जण हसत म्हणाला, राहू द्या. एकानं माझ्या माळेकडं बघून थू केलं. बाकीच्यांनी पैसे मागून घेतले. त्यांचं बराबरच होतं, पण राग आला. त्यांचा न्हाई, स्वतःच्या जिभेचा.

म्हातारीनं गाठोडं आधी मांडीवर घेतलं. मग विचारलं, "भरलेल्या बाटल्या का रिकाम्या?"

"रिकाम्या, माय."

"माझा नवरा गेला तवा घर रिकाम्या बाटल्यांनी भरलं होतं. एकटीनं उचलल्या म्या. तवा कुठं होतं तुमचं मंडळ?"

मी दोनशे रुपये तिच्या हातात ठेवले.

खोलीच्या मालकाला फोन केला, चार हजार आता देतो, बाकीचे नंतर म्हणालो. तो ऐकंना. रविवारी मी नुसताच फौजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो खुर्चीत बसला होता. बी आणि बिअरचा झालेला घोटाळा त्याला सांगितला. भंगारवाला टेम्पोत ट्रंका उपड्या करत होता. लेबलांचे गठ्ठे रद्दीच्या काट्यावर चढले होते.

"लोकांचे पैसे वापस केलेस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"बराबर केलं."

ग्लासांची ट्रंक आली. भंगारवाल्यानं ती डोक्यावर उचलली तसा फौजी खुर्चीचे हात धरून उठायला गेला. पाय कुठं साथ देतात! तो पुन्हा खाली बसला आणि तिथूनच म्हणाला,

"हळू टाक रे बाबा, फुटंल."