दादाचा कॉम्प्युटर बंद पडला तो उन्हाळा

माझा मोठा भाऊ पुण्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. टीव्हीच्या आत ज्या सर्किटच्या पाट्या बसवतात, त्या तपासून पुढे पाठवायच्या, हे त्याचं काम. एका हिवाळ्यात तो अचानक पांढुर्ण्याला घरी आला. कारखान्यात मंदी आहे, काही महिन्यांची रजा दिली आहे, असं त्याने सांगितलं. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं, मंदी हा शब्द पेपरात सारखा असायचा. बाबा तिगावच्या स्टेशनवर पॉइंट्समन होते. त्यांनी मान हलवली आणि ड्यूटीवर निघून गेले.

दादाने सोबत एक कॉम्प्युटर आणला होता. कारखान्यातल्या एका साहेबाने परदेशातून आणलेला तो जुना डबा त्याने विकत घेतला होता. जाडसर पाटीएवढा काळा कीबोर्ड, आणि त्याच्याच पोटात सगळं. तो आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा, आणि लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरून ठेवायचा. गल्लीतले लोक पाहायला आले आणि यात सिनेमा दिसत नाही हे कळल्यावर परत गेले. दादा म्हणाला, दोन-चार वर्षांत पांढुर्ण्यातसुद्धा लोक हे शिकायला पैसे मोजतील, आपण आधी शिकून ठेवू आणि शिकवणी काढू.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादाकडे एक मासिक होतं, त्यात छापलेले प्रोग्राम मी मोठ्याने वाचायचे आणि तो टाइप करायचा. त्याची बोटं कीबोर्ड न पाहता चालायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. बोलताना तो माझ्या डोळ्यांत न पाहता कानाकडे पाहायचा, तीही शहरातली एखादी सवय असेल असं मी धरून चालले. चष्म्याचा नंबर बदलला आहे, एवढं तो एकदा म्हणाला होता.

मे महिन्यात आमच्या घराचे पत्रे असे तापायचे की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नसे. एका दुपारी दादाने कॉम्प्युटर खाटेवरच्या घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला होता. हवा आत जायच्या फटी त्याच्या बुडाला होत्या, त्या गोधडीत दबल्या. मशीन तसंच चालू राहिलं आणि आम्ही सगळे खाली फरशीवर ओली चादर अंगावर घेऊन पडलो. मला जाग आली ती तापलेल्या प्लास्टिकच्या वासाने. टीव्हीवर काळे-पांढरे पट्टे थरथरत होते. दादाला उठवलं. त्याने डब्याच्या मागच्या बाजूला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग वायर ओढली.

संध्याकाळी मशीन गार झाल्यावर पुन्हा लावून पाहिलं. आता टीव्ही नुसता काळा.

दादा घाबरला नाही. उलट, घरी आल्यापासून पहिल्यांदाच तो कामाला लागल्यासारखा दिसला. बाहेरून आत जायचं, असं त्याने मला समजावलं. भिंतीतून वीज येते, ती अॅडॅप्टरपर्यंत पोचते का, तिथून डब्यात येते का, डब्यात कुठे अडते. एकेका जागी थांबून विचारायचं, अंदाजाने काही बदलायचं नाही. त्यासाठी मीटर हवा होता. सौंसरला त्याचा आयटीआयमधला मित्र रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. आम्ही कॉम्प्युटर पिशवीत घालून सकाळच्या बसने सौंसरला गेलो.

मित्राने कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता आणि त्याने तसं सांगूनही टाकलं. त्याने आम्हाला एक टेबल, मीटर आणि सोल्डरिंगचा कैया दिला. दादाने स्क्रू काढून डबा उघडला. मीटरच्या तारा कुठे टेकवायच्या ते तो बोटाने चाचपून सांगायचा, आणि काटा कुठे थांबला ते मी वाचायचे. अॅडॅप्टर ठीक निघाला. आत एका अॅल्युमिनियमच्या पट्टीला तीन पायांचा छोटा तुकडा स्क्रूने आवळलेला होता. त्याला रेग्युलेटर म्हणतात, दादा म्हणाला, येणारी वीज कमी करून तो पाच व्होल्टवर आणतो, आणि उरलेली सगळी उष्णता होऊन या पट्टीतून बाहेर पडते. पट्टीला हवा मिळाली नाही तर तो स्वतः जळतो. मी मीटर पाहिला. काटा शून्यापासून जेमतेम हलला होता.

तसा तुकडा दुकानात होता. कैया गरम झाला, तेव्हा दादाने तो माझ्या हातात दिला.

"तू लाव. माझा हात हल्ली थरथरते."

मी आयुष्यात कधी कैया धरला नव्हता. पहिल्याच वेळी बोट भाजलं. मित्राने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हाताखालची पाटी सरळ करून दिली. दादाचा हात अजिबात थरथरत नव्हता, हे मलाही दिसत होतं. त्याला मला शिकवायचं आहे, असं मी मनाशी म्हटलं.

पाच व्होल्ट आले. दुकानातल्या टीव्हीवर उजेड आला, पण सगळीकडे विस्कटलेले चौकोन. मी दादाला ते सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि पाटीवरच्या मेमरीच्या चिपांवरून एकेक करत बोट फिरवलं. सगळ्या एकसारख्या, काळ्या, मुंगळ्यासारख्या पायांच्या. एकीवर बोट टेकताच त्याने ते उचललं.

"बाकी कोमट आहेत. ही जळून राहिली. रेग्युलेटर गेला तेव्हा हिलेही घेऊन गेला."

ती चिप सौंसरला मिळण्यासारखी नव्हती. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पॅसेंजरने नागपूरला गेले आणि सीताबर्डीच्या एका दुकानातून चिप आणि ती बसवायचा सॉकेट घेतला. येताना गाडीत बाबांनी मला विचारलं, दादाची रजा कधी संपते, तुला काही बोलला का. मला माहीत नव्हतं. बाबांना घाई होती, कारण दादाचं लग्न ठरलं होतं. मुलगी रामाकोन्याची. हिवाळ्यात तो आल्याबरोबर आई-बाबा त्याला घेऊन मुलगी पाहायला गेले होते, आणि पाऊस लागायच्या आत लग्न उरकावं असं दोन्हीकडून बोलणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आम्ही काम सुरू केलं. मित्राने कैया वापरायला दिला होता. मी जळक्या चिपचे पाय बारीक कातरीने तोडले, एकेक पाय वितळवून उपसला आणि सॉकेट बसवला. दादा शेजारी बसून विचारत होता. नवीन चिपच्या एका टोकाला खाच असते, ती इतर चिपांच्या खाचेकडेच आहे ना? त्याने स्वतः नखाने खाच चाचपली आणि "बरोबर" म्हणाला. मी वायर लावली.

टीव्ही आधी काळा झाला, मग पांढरा. आणि त्या पांढऱ्या पडद्यावर, अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, अक्षरांची एक बारीक ओळ उमटली. मशीन धड असलं की ती यायचीच.

मी दादाकडे पाहिलं. तो टीव्हीसमोर हातभर अंतरावर बसला होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"कोरा आहे," तो म्हणाला. "उजेड आला, पण ओळ नाई आली. म्हणजे चिप एकटी नसन गेली. अजून काही आहे आत."

मग तो पुढे काय तपासायचं ते सांगू लागला. पुन्हा सौंसरला जावं लागेल, चिपांना वीज पोचवणारा एक ट्रान्झिस्टर असतो तो पाहावा लागेल. मी ऐकत होते. ओळ पडद्यावर स्थिर होती. त्याची थट्टा चालली आहे का, असा विचार क्षणभर मनात आला. पण दादा थट्टा करणारा नव्हता.

"दादा, ओळ आली आहे," मी म्हणाले.

"कुठं?"

"खाली. डाव्या बाजूले."

तो पुढे सरकला. नाक काचेला लागेल इतका जवळ गेला. मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या. मी त्याचा हात धरून बोट त्या ओळीवर टेकवलं. बराच वेळ त्याने बोट तिथेच ठेवलं.

"मले दिसून नाई राहिलं, बाई," तो म्हणाला.

नंतर त्याने सगळं सांगितलं, टीव्हीकडे तोंड करूनच. पुण्याला गेल्या पावसाळ्यात सुरुवात झाली होती. रेझिस्टरवर रंगांचे बारीक पट्टे असतात, त्यांतले लाल आणि हिरवे त्याला सारखेच, मातकट दिसायला लागले. त्याने चुकीच्या पाट्या पुढे जाऊ दिल्या. मग जिकडे पाहावं तिथे मधोमध एक राखाडी डाग. कडेचं दिसायचं, म्हणून तो चालायचा, बस पकडायचा, ताटातलं जेवायचा. वाचता येत नव्हतं, कोणाचा चेहरा दिसत नव्हता. काढून टाकतील म्हणून त्याने आपणहून नोकरी सोडली. डॉक्टरकडे का नाही गेलास, मी विचारलं. पुण्यात दोन डॉक्टर झाले, म्हणाला.

आईला उठून सांगायची वेळच आली नाही. तिने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि पोळपाटावरचं पीठ तिच्या हातावर तसंच वाळलं.

बाबांनी त्याला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवा लावून दोन्ही डोळे पाहिले आणि सांगितलं, डोळ्याच्या मागची नस सुकली आहे. चष्म्याने काही होणार नाही, ऑपरेशन नाही, औषध नाही. पूर्ण आंधळा होईल का, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आहे तसंच राहील. ही गोष्ट आईने चांगली बातमी म्हणून धरली. चालता-फिरता येतं, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, मग लग्न होऊ दे, पोरगी घरात आली की तिला सांगता येईल, असं ती बाबांना म्हणत राहिली. बाबा तिला हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दादाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, त्याला रामाकोन्याला घेऊन जायची. घरी आम्ही मित्राचा कैया परत करायला सौंसरला जातो असं सांगितलं, आणि तो परत केलाही. तिथून दुसरी बस घेतली. खिडकीची लोखंडी दांडी इतकी तापली होती की हात ठेवता येत नव्हता.

मुलीच्या वडिलांनी जयभीम करून आम्हाला ओसरीत बसवलं. लग्नाची बोलणी करायला आलो असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आधी मांडववाल्याचा विषय काढला. दादाने त्यांना थांबवलं.

"मले वाचता येत नाई आता. माणूस समोर उभा असला तरी चेहरा कळत नाई. डॉक्टर म्हणते, हे सुधरणार नाई. नोकरीही नाई राहिली. तुमच्या पोरीले हे आधी माहीत पाहिजे."

मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली होती, तिने दारातच सगळं ऐकलं होतं. पेले खाली ठेवून ती सरळ दादाला म्हणाली, "पाहाले आले होते तेव्हा मी दिसली होती काय तुम्हाले?"

"नाई," दादा म्हणाला.

ती आत गेली. वडील म्हणाले, तुम्ही स्वतः येऊन सांगितलं हे बरं केलं. मग चहा घ्या म्हणाले, पण आतून चहा आला नाही, आणि आम्हीही थांबलो नाही. फाट्यावर बस येईपर्यंत आम्ही एका बाभळीच्या विरळ सावलीत उभे होतो. दादाने विचारलं, कशी आहे दिसायला. मी म्हणाले, सावळी आहे, उंच आहे, तुझ्यावर रागावली होती. त्यावर तो म्हणाला, रागवाले पाहिजेच.

लग्न मोडलं, आणि आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. दादाशी मात्र बोलायची, जेवणाचं, कपड्यांचं, तेवढंच.

कॉम्प्युटर त्यानंतर पुष्कळ दिवस व्यवस्थित चालला. मी मासिकातले प्रोग्राम स्वतःच वाचून स्वतःच टाइप करायला लागले, पण मी बसले की दादा उठून बाहेर जायचा. एकदा मी त्याला हाक मारून एक चूक विचारली. त्याने दारातूनच बरोबर उत्तर दिलं आणि चपला घालून निघून गेला. पुढे मीच तो डबा कपाटात ठेवून दिला. शिकवणीचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

संत्र्याच्या हंगामात दादा सौंसरला मावशीकडे राहायला गेला. मावसोबांनी त्याला पेट्या भरायच्या कामावर लावून दिलं. फळाचा आकार हाताला कळतो, म्हणून लहान-मोठी वेगळी करायला त्याला बसवलं होतं. पण डागी फळ त्याच्या नजरेतून सुटायचं आणि व्यापारी ओरडायचा. मग त्याला पेट्यांत गवत अंथरायचं काम दिलं. मी एकदा त्याला भेटायला गेले. तो उकिडवा बसून गवताच्या पेंड्या सोडवत होता, केसांत काड्या अडकल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले, तसा त्याने मान कलती करून माझ्याकडे पाहिलं.

"कोण आहे?"

मी सांगितलं. तो हसला, गवत थोडं बाजूला सारून मला बसायला जागा केली, आणि बाबांच्या खोकल्याचं विचारलं.