भाऊ पाणी प्यायला आत जातात तेव्हा

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे.

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे भाऊंकडे, आज सीडीवर विनोदी सिनेमा पाहत होतो. त्यात ऑफिसात जिला कोणी विचारत नाही, ती बाई शेअरबाजारात सगळ्यांना मागे टाकते. तिचा साहेब तिलाच गुपचूप सल्ला विचारतो आणि बाहेर येऊन हुशारी दाखवतो. आम्ही पोट धरून हसलो.

मासे कापत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "हासून काऊन राह्यले? तलावाच्या लिलावाची बोली ठरवाले तुमी अंगणात बसता, तवा आकडा सांगाच्या आधी तुमचे भाऊ पाणी प्यायले आत काऊन येते?"

भाऊंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांचा आकडा आजवर एकदाच चुकला. त्या साली वहिनी माहेरी, ब्रह्मपुरीला होत्या.

तुमच्या गावचे हुशार भाऊ पाणी प्यायला कुठे जातात, पाहिलंय कधी?