चढावरची सायकल

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गिरणीतून दळण आणणं. चढ आला की ती सायकलीच्या कॅरिअरवरून उतरायची आणि म्हणायची, "उतरा की आता, कुणाला दाखवताय जोर?" मग दोघं सायकल ढकलायचो. त्या शेवटच्या दळणानंतर दोन दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून आमची नात सायली झोपत नाही. पुस्तक उघडलं की तासभर एकाच पानावर बसते. डॉक्टर म्हणाले, कॉलेज वर्षभर थांबवा. काल मला विचारते, "आजोबा, मी मागं पडेन का?"

मी चौथी शिकलेला, काय सांगणार? भिंतीला टेकलेल्या सायकलीकडं बघत म्हणालो, "चढाला आम्ही दर खेपेला उतरायचो, पोरी. दळण कधी वाटेत राहिलं नाही."

"मागून आजी ढकलायची म्हणून."

"मग मी काय मेलोय?"

ती कितीतरी दिवसांनी हसली.

आज सकाळी तिच्या वर्षभर थांबायच्या अर्जावर मी वेडीवाकडी सही केली आणि सायकलीत हवा भरली.