सुरतेहून आलेलं दावं

दगाआप्पा जुनी वस्तू घेत, पण अख्खी कधी घेत नसत. जुनी सायकल आणली तेव्हा तिचं साखळीचं कुलूप विकणाऱ्याच्या हातात परत ठेवलं. जुनी मोटारसायकल आणली तेव्हा किल्लीला अडकवलेला पितळी गणपतीसुद्धा काढून दिला. तो माणूस म्हणाला, राहू द्या हो आप्पा. आप्पा ऐकतील तर शपथ. आमच्याकडे बाजारात बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणाऱ्याने स्वतःचं नवं दावं बांधायचं असतं. ही रीत सगळेच पाळतात, पण आप्पांनी ती बैलांपुरती ठेवली नव्हती. "दावं जेनं तेनाजवळच ऱ्हावाले जोयजे," ते म्हणत, "नहीते ढोर मांगे फिरस." म्हणजे जनावर जुन्या धन्याकडे परत फिरतं.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात ते माझे शेजारी. केळी-पपईची बाग, तोंडात सदानकदा सुपारी. मी शाळेत संगणक शिकवतो. म्हणजे बंद पडलेले संगणक ज्या खोलीत ठेवलेत तिची किल्ली माझ्याकडे असते.

आप्पांचा स्वभाव मुळात भित्रा नव्हता. भीती त्यांच्या घरात आली ती सुनंदाबरोबर. सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली. एका सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली, मनगट सुजलेलं. नवऱ्याने फोनवर धमकी दिली, ओढून नेईन, मध्ये येईल त्याला बघून घेईन. त्या दिवसापासून आप्पांच्या दाराला भरदिवसा कडी लागली. बायको कधीच वारलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. सुनंदा बोटभर दार उघडून एका डोळ्याने बघायची आणि कोण आहे ते पटलं तरच कडी काढायची. गल्लीत अनोळखी गाडी थांबली की आप्पांची सुपारी चघळायची थांबे. मंगळसूत्र तिने आल्याबरोबर काढलं. ते घरात ठेवायची आप्पांना भीती आणि टाकायचीही भीती. शेवटी त्यांनी ते फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर ढकलला.

सुनंदा बी.कॉम. झालेली. शहाद्याच्या एका व्यापाऱ्याची बिलं संगणकावर भरायचं काम तिला घरबसल्या मिळालं. उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता स्वतःच्या पायावर उभं राहायचा तो एकच मार्ग होता. त्यासाठी आप्पांनी नवापूरहून, सुरतेचा जुना माल विकणाऱ्या दुकानातून, लॅपटॉप आणला आणि तान्हं पोर आणावं तसा टॉवेलात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. तो चालू होईपर्यंत सुनंदाचा चहा करून, पिऊन, कप धुऊन व्हायचे. बॅटरी तर नावालाच. मी म्हटलं, रॅम वाढवू, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू, मग बघा कसा पळतो. कॅमेऱ्यावर आप्पांनी आधीच सुनंदाची टिकली चिकटवून टाकली होती. त्यातून जावई बघेल म्हणे. असं काही नसतं, असं मी परोपरीने समजावलं. टिकली तशीच राहिली.

डिस्क काढण्याआधी आत काय आहे ते बघावं म्हणून मी लॅपटॉप चालू केला. कोणी काही पुसलंच नव्हतं. एका बाईचे आणि तिच्या लहान मुलीचे ढीगभर फोटो. मुलगी केक कापतेय, मुलगी गणवेशात इमारतीच्या फाटकाशी उभी आहे. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, दावं संगे ऊनं."

दावं बरोबर आलं म्हणे. मला हसू आलं. म्हटलं, आप्पा, एक बटण दाबतो, सगळं साफ. त्यांनी माझा हात धरला. "कोन्हं तरी लेकरू शे ते. मी पुसू देवाव नही." त्यांच्या डोक्याने एकच घेतलं: सुरतेचं दावं घरात आहे, आता त्याच्या मागोमाग सुरत घरात येणार. खुळेपणा म्हणाल तर खुळेपणाच. पण त्या दिवसांत गल्लीत हॉर्न वाजला तरी मीही उठून खिडकीतून बघायला लागलो होतो.

मी मागचे स्क्रू काढले, पंख्यात साचलेली धूळ ब्रशने झाडली, रॅम बसवली, एसएसडीवर नवं विंडोज टाकलं. लॅपटॉप चटकन उघडला तेव्हा सुनंदा कितीतरी दिवसांनी हसली. काढलेली डिस्क आप्पांनी त्याच स्टीलच्या डब्यात, मंगळसूत्राच्या शेजारी ठेवली. पण त्यांच्या जिवाला चैन पडेना. फोटोतल्या फाटकावर इमारतीचं नाव स्पष्ट होतं आणि सुरतेत राहिलेल्या सुनंदाने तो भाग ओळखला. झालं, आप्पा डिस्क पोहोचवायला निघाले, जावई ज्या शहरात होता त्याच शहरात. मी म्हटलं, अहो, कुरियर करू. म्हणाले, दावं स्वतः नेऊन द्यायचं असतं.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. दुपारपासून त्यांचा फोन लागेना. सुनंदा लॅपटॉप उघडून नुसती बसली होती. बोलली एकदाच: आप्पांना काही झालं तर मी आपली आपण परत जाईन त्याच्याकडे, एकदाचं संपू दे. दिवेलागणीला आप्पा आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले.

"सर, आपली सुनंदा दरवाजा उघाडस ना, ती बाईनी तसाच उघाडा."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला मुलीचं वर्णन सांगून आप्पांनी घर शोधलं होतं. त्या बाईने फटीतून पहिलं विचारलं ते एवढंच, की कोणी पाठवलं तुम्हाला? आप्पांनी आपलं नाव सांगितलं नाही, तिचं विचारलं नाही. तुमच्या मुलीचे फोटो आहेत, दुसऱ्या कोणाकडे नाहीत, एवढं बोलून त्यांनी डिस्क उंबऱ्यावर ठेवली आणि ते उलटपावली फिरले. जिना उतरताना वर कडी निघाल्याचा आवाज आला, मग रडण्याचा. हे सांगताना आप्पा माळ्याकडे बघत होते. "एक दावं पोचाडं. दुसरं पोचाडानी मन्ही छाती नही, सर." त्याची त्यांना फार लाज वाटत होती. मला मात्र ते धडधाकट परत आले यातच सगळं मिळालं होतं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. बागेतच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत खेळ आटोपला. मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. त्या दिवसांत घराचं दार लावत नाहीत आणि आलेल्या कोणालाही अडवत नाहीत. सुनंदाच्या दाराची कडी प्रथमच दिवसभर निघालेली राहिली आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. जावई आला. पांढरा सदरा, रीतसर खाली घातलेली मान. सतरंजीवर बसलेल्या लोकांनी सरकून त्याला जागा दिली. मी उठून दाराशी उभा राहिलो. थोडा वेळ बसून तो सुनंदाला म्हणाला, आता इथे कोण उरलंय तुझं? चल.

सुनंदा उठून आत गेली. मला वाटलं, पिशवी भरायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. आतलं मंगळसूत्राचं फडकं तिने गाठ न सोडता त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवलं.

"हाई तुमनं शे. आप्पानं पोचाडानं ऱ्हाई गयं व्हतं."

जावयाने आधाराला म्हणून बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळे बैलांची खरेदी-विक्री केलेले शेतकरी, त्यांना दावं परत देणं म्हणजे काय ते काय समजावायचं? कोपऱ्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "उचली ल्या, पाव्हना."

त्याने ते उचललं आणि तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

दहावं-बारावं उरकल्यावर सुनंदाने काम पुन्हा सुरू केलं. मी चौकशीला गेलो, तर दार सताड उघडं होतं आणि ती मांडीवर लॅपटॉप घेऊन कॅमेऱ्यावरची टिकली नखाने खरवडून काढत होती.